हलकी गाडी, जड गाडी

१७ नोव्हेंबर १९८५, रविवार

दोन्ही गाड्या आज वर्सोव्याला पोचल्या. तुळशीदासच्या शेडमध्ये शेजारीशेजारी उभ्या केल्या, तेव्हा तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, हा चपळ बांगडा नि ती जाडी घोळ."

तुळशीदास म्हणजे आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या पुतळाबाईचा मुलगा. शेडमध्ये पूर्वी जाळी आणि होडीची इंजिनं असायची. सुकटीचा वास अजून आहे, तो आता कातडी सीटांना लागणार. इलाज नाही. आमच्या सोसायटीत स्कूटर ठेवायची मारामार, तिथे या दोघींना कुठे ठेवू?

गाड्या श्यामसुंदर रेळ्यांच्या. ते आमच्या कंपनीचे सॉलिसिटर. माझी नोकरी गेली (बायको, वसुधा, बाहेर 'सोडली' म्हणते), पण रेळ्यांचा फोन यायचा थांबला नाही. त्यांची मुलं अमेरिकेत, जुहूचा बंगला पाडायचा ठरलाय. गणपतीपासून मी त्यांच्या गॅरेजात खपत होतो. काल म्हणाले, "विद्याधर, दोन्ही घेऊन जा आणि चालव. जानेवारीअखेर जुन्या गाड्यांची रॅली आहे, तिच्यात एक उतरव. जी निवडशील ती तुझी, दुसरी मी देऊन टाकतो. फक्त चालवून ठरव. फडक्याने पुसून ठरवू नकोस."

एक इटालियन कूपे, सत्तावन सालची. दोन दारं, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, इतकी हलकी की शेडच्या तोंडाशी बंद पडली तर तुळशीदासने आणि मी ढकलून आत नेली. दुसरी इंग्लिश सेडान, त्याच सुमाराची. अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, मागे बसणाऱ्याला पाय पसरता येतील एवढी जागा, आणि वजन म्हणजे चाकांवरचा बंगलाच.

चोपन्नाव्या वर्षी हातात असं काम आलंय. निवड घाईने करणार नाही. रोजचं इथे लिहून ठेवायचं.

२० नोव्हेंबर

सकाळी कूपे आरे कॉलनीत नेली. हिच्यात माणूस बसत नाही, हिला अंगावर घालतो. वळणावर मनात आलं की गाडी वळलेली असते. स्टिअरिंगमधून रस्ता थेट तळहाताला कळतो, खडा आला तर खडा, चर आला तर चर. ब्रेक थोडा उजवीकडे ओढतो, ते बघतो.

दोष एकच. बैठक फार खाली आणि खिडक्या बारक्या, त्यामुळे बाजूचं काही म्हणून दिसत नाही. एक दूधवाला सायकलवरून डावीकडून असा उगवला की जणू जमिनीतून वर आला. किटल्या आपटल्या, माणूस वाचला. त्याने मला भरपूर ऐकवलं. मी म्हटलं, बाबा रे, हॉर्न वाजवत होतो. तो म्हणाला, "मी केव्हापासून तुमच्या बाजूबाजूने चाललोय."

जुन्या गाड्या जमवणाऱ्याच्या दृष्टीने कूपे दुर्मिळ. पण मुंबईच्या रस्त्यासाठी काढलेली नाही हे खरं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सेडान घेऊन पवईला गेलो. तलावाच्या कडेने जाताना घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. काय ती शांतता. खड्डे खाली कुठेतरी होतात, आपल्यापर्यंत येतच नाहीत.

दोष: बॉनेट लांब, खांब जाड, डावीकडचा अंदाज लागत नाही. परत येताना शेडच्या खांबाला मडगार्ड घासलं. तुळशीदास धावत आला.

"साहेब, खांब तिथंच हाय. कालपण व्हता."

मी हसलो. तोही हसला, पण थोडा उशिरा.

२९ नोव्हेंबर

वसुधाने चहाचा कप कोपराशी ठेवला, तो उडाला. या आठवड्यातला कितवा तरी. ती म्हणते, मी घरात असून घरात नसतो. खरं आहे, डोक्यात कार्ब्युरेटर फिरतायत. आमची मुलगी माणिक कालपासून बाळंतपणाला आली आहे. जानेवारीतली तारीख आहे. घरात तिची बॅग मध्येच ठेवलेली असते, मी त्या बॅगेला दोनदा अडखळलो.

३ डिसेंबर

माणिकला डॉक्टरकडे न्यायला मुद्दाम कूपे काढली. म्हटलं, पोरगी लहानपणी माझ्या मागे गॅरेजात बसून असायची, तिला आवडेल. जाताना खूश होती. येताना सात बंगल्याच्या वळणावर ती ओरडली, "बाबा, माणूस!" मी ब्रेक दाबला. एक म्हातारा रस्ता ओलांडत होता, आमच्या पुढ्यात आला तेव्हा दिसला. काही झालं नाही. कूपे जागच्या जागी उभी राहते, हा तिचा मोठा गुण.

माणिक थोडा वेळ पोटावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "मी इथे उतरते. रिक्षाने येते."

"अगं, घर दोन मिनिटांवर आलं."

"बाबा, प्लीज."

ती उतरली. मी रिक्षाच्या मागे मागे आलो. वाईट वाटलं. या दिवसांत बायका घाबरट होतात, वसुधाचंही तसंच होतं. रात्री दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो तर विषय बदलला.

माणिकला नर्सिंग होममध्ये न्यायची वेळ येईल तेव्हा सेडानच बरी. तिच्यात धक्का बसत नाही.

६ डिसेंबर

वसुधाने फारच धरलं म्हणून स्टेशनजवळ चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. तक्त्यावरची शेवटची ओळ झरझर वाचली. दुकानदार म्हणाला, "साहेब, या वयाला असे डोळे मी कमी बघतो." वाचायचा नंबर किंचित वाढलाय, एवढंच. घरी येऊन सांगितलं. वसुधा म्हणाली, "खऱ्या डॉक्टरला दाखवा." मी म्हटलं, शेवटची ओळ वाचली, आता भिंतीपलीकडचं वाचायचं का?

१० डिसेंबर

संध्याकाळी दोन्ही गाड्यांचे दिवे तपासले. दोन्हींचे मंद, जुन्या पद्धतीचेच. समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, पावसाळ्यात चंद्राला खळं पडतं तशी. आधी वाटलं कूपेची पुढची काच जुनाट झालीय. सेडानमध्येही तेच. दोन्ही काचा बदलाव्या लागणार. चोरबाजारात शोधतो.

आतापर्यंतचा हिशेब असा. कूपे सगळं सांगते. चाकाखाली काय आहे, इंजिनाला काय दुखतंय, टायरची पकड कुठे सुटतेय. तिच्यासोबत तासभर काढला की माणूस दमतो. सेडान काही सांगत नाही, सांभाळून घेते. तरुण असतो तर कूपे. आता या वयात सांभाळून घेणारी बरी, असं मन म्हणतंय.

१४ डिसेंबर, शनिवार

सेडान जोगेश्वरीपर्यंत नेऊन आणली, गुण देण्यासारखी चालली. येताना दिवेलागण झाली होती. वर्सोव्यात शिरल्यावर जिथे मासे वाळत घालतात त्या भिंतीजवळ डाव्या बाजूला काहीतरी लागलं. थांबून उतरलो. कुणीतरी टोपली अगदी रस्त्याच्या कडेला ठेवली होती, तिचा चुरा झाला होता आणि बोंबील पसरले होते. मालक दिसतो का म्हणून पुढे पाहिलं, मागे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. गरिबाचं नुकसान कशाला, म्हणून मोडक्या टोपलीवर काही नोटा ठेवल्या, उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला आणि आलो. शेडमध्ये तुळशीदास नव्हता. गाडी लावून घरी.

एक नोंद करण्यासारखी गोष्ट. एवढी टोपली चिरडली, पण आत जाणवलं ते एवढंच, उशीवर हात मारावा तसं. कूपे असती तर हाडं हलली असती. खरी लक्झरी म्हणतात ती हीच असावी.

१६ डिसेंबर

डाव्या मडगार्डला चांगलाच पोचा आहे आणि दिव्याची कड वाकलीय. टोपलीने एवढं? आत दगड किंवा वजनं असतील. तुळशीदास पोच्याजवळ उकिडवा बसला होता. बोटाने पत्रा चाचपत होता.

"हे कधी झालं साहेब?"

"शनिवारी. भिंतीपाशी कुणाची तरी टोपली लागली."

"टोपली."

"हो. कोणाची आहे माहीत आहे का? पैसे ठेवून आलोय."

तो उठला. हात पँटला पुसले. "भरती हाय," म्हणाला आणि निघून गेला. चहा सांगितला होता, तो तसाच निवला.

१९ डिसेंबर

पुतळाबाई रविवारपासून आलेली नाही. आज तिची सून मंजुळा पापलेटं घेऊन आली. वसुधाने विचारलं तर म्हणाली, सासू पडली, मांडीचं हाड मोडलं, हॉस्पिटलात आहे. वसुधा म्हणाली, कुठे पडली? मंजुळा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "रस्त्यात." आणि पैसे न घेताच उठली. वसुधाने मागून हाक मारली, तर जिन्यावरूनच म्हणाली, "नको बाय."

बिचारी गोंधळली असेल. या वयात हाड मोडणं वाईट.

२४ डिसेंबर

निवड झाली. सेडान. रेळ्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं तू शहाण्यासारखं ठरवशील." पोचा काढून रंग द्यायला घेतो आहे. मूळ रंग जुळवणं कठीण.

तुळशीदास हल्ली शेडमध्ये येतो, दाराशी उभा राहतो. मी वाकून काम करत असलो की तो कधी आला ते कळतही नाही, मान वळवली की एकदम पाठीशी. काल दचकलो. विचारलं, आई कशी आहे? "हाय," म्हणाला. मग, "रंग देताय?"

"रॅली आहे ना."

"दिला की कळणार नाय काही," तो म्हणाला.

त्याला शेडचं भाडं वाढवून हवं असावं. बोलायला संकोचतोय.

३० डिसेंबर

वसुधाने दुपारी जेवताना विचारलं, "चौदा तारखेला तुम्ही वर्सोव्यात किती वाजता पोचलात?"

"दिवेलागणीला. का?"

"पुतळाबाई त्याच दिवशी पडली."

"असेल. त्याचं काय?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. मग म्हणाली, "काही नाही. वरण घ्या." माझ्या डाव्या हाताला वाटी होती म्हणे, मी समोर शोधत होतो. तिने ती उचलून पुढ्यात ठेवली. गाड्यांच्या किल्ल्या खुंटीवर नाहीत. विचारलं तर म्हणाली, माणिकची तारीख जवळ आली, आता घरात राहा.

२ जानेवारी १९८६

तुळशीदास सकाळी घरी आला. आत बसला नाही. "आई घरी आली. तुम्हाला बोलवलंय."

मी मोसंबी घेतली. त्याच्याबरोबर चालत गेलो.

पुतळाबाई खाटेवर होती, कमरेपासून प्लॅस्टर. चेहरा एवढासा झालेला. मी मोसंबी ठेवून म्हटलं, कसं झालं हे?

ती तुळशीदासकडे वळली. "बग. मी सांगितलं तुला. असंच ईचारणार."

तुळशीदास म्हणाला, "साहेब, आई म्हणते तुमची गाडी व्हती. मी म्हटलं साहेब असं करणार नाय. पोलिसांत नाव दिलं नाय, वाट बगितली. म्हटलं तुम्ही सांगाल."

मी म्हटलं, टोपली लागली, मी उतरलो, तिथे कोणी नव्हतं.

"मी व्हते," पुतळाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "भिंतीला पडलेली. तुमी वाकून टोपली बगितली. मग माझ्याकडं तोंड केलं. मी हात वर केला. छाती दाबली व्हती, आवाज निघत नव्हता. तुमी बगितलं साहेब. मग पैसे ठेवले नि गेले."

"पुतळाबाई, देवाशपथ, तिथे कोणी नव्हतं."

पुतळाबाई माझ्याकडे टक लावून बघत होती, मग तिची नजर माझ्या बाजूला गेली, परत माझ्यावर आली. बराच वेळ असं झालं.

"पाणी घ्या," ती म्हणाली.

"नको, मी निघतो."

"घ्या ना. मंजुळा देते ना कवाची."

मी मान वळवली. मंजुळा माझ्या डाव्या हाताशी, अगदी खेटून, ग्लास पुढे करून उभी होती. तिचा हात माझ्या खांद्यापासून वीतभर होता.

"तुमाला दिसत नाय," पुतळाबाई म्हणाली. आणि मग, "दिसत नाय तर गाडी कशाला चालवता?"

३ जानेवारी

काही लिहवत नाही. वसुधाला सगळं सांगितलं. तिने आधीच ओळखलं होतं, पण तिला वाटत होतं की मी जाणूनबुजून लपवतोय. इतके दिवस ती त्या माणसाबरोबर जेवत होती.

७ जानेवारी

पार्ल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र, त्यात तोंड घालून बसायचं, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बसून राहिलो. मला वाटलं यंत्र अजून सुरूच केलेलं नाही.

नंतर त्यांनी कागद दाखवला. मधोमध एक लहान पांढरा गोल, बाकी सगळं पेन्सिलीने काळं केलेलं. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, बरीच वर्षं. तक्ता मी मधल्या गोलातून वाचला होता.

"पण मला काळं काही दिसत नाही," मी म्हटलं.

"दिसणार नाही," डॉक्टर म्हणाले. "नाही दिसत तिथे मन आपलं आपण भरून काढतं. भिंत असेल तर तिथे भिंत दिसते. भिंतीपाशी माणूस असला तरी."

औषधं दिली. आहे ते टिकवायचं, गेलेलं येणार नाही. वसुधाने विचारलं, गाडी? डॉक्टरांनी नुसती नकाराची मान हलवली.

दूधवाला, शेडचा खांब, काचांवरची कडी. दीड महिना मी दोन गाड्यांना दोष देत होतो. त्यांच्यातला फरक मला खरंच किती कळला, सांगता येत नाही. एवढं मात्र कळतं. त्या संध्याकाळी हलकी गाडी असती तर हात हादरले असते. टोपली एवढी जड नसते हे हातांना कळलं असतं. मग मी भिंतीपाशी जाऊन चाचपलं असतं. असतं का? कोण जाणे.

९ जानेवारी

रेळ्यांकडे जाऊन दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आतल्या खोलीत जाऊन एक फोन केला. मग पुढे वाकून म्हणाले, "विद्याधर, हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"घरी. आणि त्यांच्या घरी."

"मग इथेच थांबव. गाडी अजून माझ्या नावावर आहे. पोलिसांत 'अज्ञात वाहन' अशी नोंद आहे, मी चौकशी केली. म्हातारीच्या उपचाराचं मी बघतो, चांगल्या सर्जनकडे नेऊ. तिच्याशिवाय कोणी साक्षीदार नाही. आणि डोळ्यांचं बोलूच नकोस. बाजूचं दिसत नसलेला माणूस महिनाभर गाडी चालवत होता, हे तू स्वतः सांगणार?"

ते वाईट माणूस नाहीत. माझ्यासाठीच बोलत होते, आणि जे बोलले त्यातलं काही खोटं नव्हतं. येताना टॅक्सीत मला त्यांचं म्हणणं पटत चाललं होतं. जुहूपासून अंधेरीपर्यंत मी ते मनात घोळवत आलो. घर आलं तेव्हा जवळजवळ पूर्ण पटलं होतं.

दार माणिकने उघडलं. मी आत येताना तिने पोट दोन्ही हातांनी धरून स्वतःला भिंतीला चिकटवलं. मला वाट द्यायला नाही. मी धडकू नये म्हणून. तिला ते कळलंही नसेल, इतकी सवय झालीय.

११ जानेवारी, शनिवार

आज पोलिसांत जबाब दिला. चौदा डिसेंबरचं सगळं, पैसे ठेवल्याचंसुद्धा. डॉक्टरांचा कागद दाखवला. सब-इन्स्पेक्टर तरुण होता. त्याने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही बघितलं, पण दिसलं नाही, असं लिहू?" मी हो म्हटलं. त्याने हवालदाराकडे पाहिलं. लायसन्स ठेवून घेतलं. पुढे कोर्टात काय होईल ते होईल. संध्याकाळी रेळ्यांचा फोन आला, तो वसुधाने घेतला. ती "हो," "हो," म्हणत राहिली, आणि शेवटी, "त्यांनी ठरवलं ते त्यांनी ठरवलं."

पुतळाबाई पुन्हा टोपली डोक्यावर घेऊन चालेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. तिने मला परत बोलवलेलं नाही.

जबाबाला जाताना तुळशीदास बरोबर होता. मीच निरोप पाठवला होता, तो येईल असं वाटलं नव्हतं. वसुधा माणिकला सोडून येऊ शकत नव्हती. आम्ही दोघं बाजारातून चालत गेलो, तो माझ्या डाव्या बाजूने, म्हणजे आहे की नाही हे मला कळत नव्हतं. पोलीस स्टेशनसमोरचा रस्ता भरून वाहत होता. मी कडेला उभा राहिलो. समोर मोकळं दिसत होतं, आणि पाऊल टाकायची हिंमत होत नव्हती.

त्याने माझं कोपर धरलं. घट्ट. एक बस जाऊ दिली, दोन रिक्षा जाऊ दिल्या, मग मला घेऊन निघाला. पलीकडे पोचलो तरी त्याने हात काढला नाही. पायऱ्या चढेपर्यंत तसाच धरून होता. दारातल्या हवालदाराने त्याला विचारलं, "काय रे, कोणाला पकडून आणलंस?"

तुळशीदासने माझ्याकडे पाहिलं असावं. मला दिसलं नाही.

"आणला नाय," तो म्हणाला. "आलेत ते."

तरीही त्याने कोपर सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.